ओळख न देता अनोळखी माणसांना पैसे देणारे लोक

गवतीचहा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम परगण्यात ब्लॅकहॉल कॉलियरी नावाचं लहानसं गाव आहे. कोळशाच्या खाणीसाठी वसलेलं. १९८१ साली खाण बंद झाली, आणि तिच्यावर जगणाऱ्या घरांचा आधार गेला. २०१४ पासून या गावात अधूनमधून नोटांची बंडलं सापडायला लागली. दर वेळी दोन हजार पौंड, सगळ्या वीसच्या नोटा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसतील अशा फुटपाथवर ठेवलेल्या. तेव्हाच्या दराने जवळजवळ पावणेदोन-दोन लाख रुपये.

ज्यांना बंडल सापडलं त्यांनी ते पोलिसांकडे नेऊन दिलं. एकदा नाही, २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत बारा वेळा. पोलिसांनी बँकेत विचारलं, पोस्टात विचारलं, नोटांवरचे ठसे तपासले. हाती काही लागलं नाही. शेवटी त्यांनी हे सगळं जाहीर केलं आणि जगभर बातमी झाली.

जानेवारी २०२० मध्ये दोन व्यक्तींनी पोलिसांशी संपर्क साधला. दोघांच्याही हाती अचानक मोठी रक्कम आली होती. ती लॉटरीची, वारशाची की आणखी कशाची, हे पोलिसांनी सांगितलं नाही आणि नावंही उघड केली नाहीत. एवढंच सांगितलं की दोघांपैकी एकाला या गावातल्या एका रहिवाशाने पूर्वी कधीतरी मदत केली होती, आणि त्या चांगुलपणाची परतफेड गावाला करायची होती. गरजू वाटणारी माणसं हेरायची, त्यांच्या वाटेवर बंडल ठेवायचं, आणि बऱ्याचदा ते उचललं जाईपर्यंत लांब उभं राहून पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती.

मी या बातमीवर खूप विचार केलाय. गुप्तता म्हटलं की आपण देणाऱ्याच्या विनयाचं कौतुक करतो. पण इथे ती गुप्तता घेणाऱ्याच्या उपयोगाची होती. ज्याच्या वाटेवर बंडल आलं त्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही, आपली अडचण सांगावी लागली नाही, गावात कोणाच्या नजरेला नजर देताना 'याने मला पैसे दिलेत' असं मनात आणावं लागलं नाही. मदत घेतल्यावर माणूस जो वाकतो, ते वाकणं त्यांनी काढून टाकलं. मला हे दानापेक्षाही मोठं वाटतं.

अशी आणखी उदाहरणं कुणाला ठाऊक आहेत का? आणि आपल्याकडे हे करता येईल का? मनापासून विचारतेय.

सातारी

धागा आवडला. पण एक शंका. बंडल पोलिसांकडे गेलं, म्हणजे गरजूच्या हाती लगेच पडलं नाहीच. रस्त्यावर दोन लाख दिसले तर गरीब माणूस आधी घाबरतो. कुणाचे असतील, कुणाचं ऑपरेशन अडलं असेल, उद्या पोलीस दारात आले तर? श्रीमंत माणसाला ही भीती कमी असते. देणाऱ्याच्या मनात गरिबाचा मान राखायचा होता हे मान्य, पण गरिबाची भीती त्याच्या लक्षात आली नसावी.

गवतीचहा

@सातारी, अगदी रास्त मुद्दा आहे. फक्त एक लक्षात घ्या, पोलिसांना कळली ती बारा बंडलं म्हणजे परत केलेली बारा. ज्याने उचललं आणि घरी नेलं त्याची नोंद कुठे होणार? आणि मला त्या बारा जणांबद्दल फार आदर वाटतो. खाण बंद पडलेल्या गावात, आपल्यालाही गरज असताना, 'हे कुणाचे तरी हरवलेत' हाच विचार त्यांच्या मनात आधी आला.

मिसुरीकर

मी अमेरिकेत कॅन्ससच्या बाजूला राहतो, म्हणून लॅरी स्ट्युअर्टबद्दल लिहितो. लॉटरी नव्हे, केबल टीव्ही आणि लांब पल्ल्याच्या टेलिफोन सेवेच्या धंद्यात त्याने पैसा कमावला. कॅन्सस सिटीत दर नाताळात हा माणूस शंभर शंभर डॉलरच्या नोटा घेऊन निघायचा. नाणं टाकून कपडे धुवायच्या यंत्रांच्या दुकानात, बसथांब्यावर, वापरलेले कपडे विकणाऱ्या दुकानात जायचा, नोट हातात द्यायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि नाव न सांगता निघून जायचं. १९७९ पासून २००६ पर्यंत हे चाललं. सगळे मिळून साधारण १३ लाख डॉलर. लोक त्याला 'सिक्रेट सँटा' म्हणायचे, खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

याची सुरुवात गवतीचहा यांच्या मुद्द्याशी थेट जुळते. १९७१ च्या हिवाळ्यात मिसिसिपीतल्या ह्यूस्टन नावाच्या छोट्या गावात तो अडकला होता. फिरता विक्रेता होता, कंपनी बुडाली, खिशात दमडी नाही, गाडीत झोपायचा. एका चर्चमध्ये मदत मागायला गेला, तर मदत करणारा माणूस आज गेला, उद्या या, असं उत्तर मिळालं. मग डिक्सी डायनर नावाच्या खाणावळीत जाऊन त्याने भरपेट न्याहारी मागवली आणि पैसे द्यायच्या वेळी पाकीट हरवल्याचं नाटक केलं. मालक टेड हॉर्न त्याच्या स्टुलामागे वाकला, वर आला तो हातात वीस डॉलरची नोट घेऊन. म्हणाला, ही तुमचीच पडली असेल. स्ट्युअर्टने त्यातून बिल भरलं, गाडीत पेट्रोल टाकलं आणि गाव सोडलं. नोट कुणाची पडलेली नव्हती, ती मालकाच्याच खिशातली होती, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

चर्चच्या दारातून परतताना त्याला मागण्याची जी लाज वाटली, ती कुणाला पुन्हा वाटू नये म्हणून तो आयुष्यभर मागितल्याशिवाय देत राहिला. १९९९ मध्ये तो टेड हॉर्नला शोधत गेला आणि दहा हजार डॉलर देऊन आला. २००६ मध्ये अन्ननलिकेचा कर्करोग झाल्यावर त्याने नाव जाहीर केलं, आपल्यामागे इतरांनी हे चालू ठेवावं म्हणून. जानेवारी २००७ मध्ये गेला, वय ५८. त्याने तयार केलेली माणसं आजही निरनिराळ्या शहरांत नाताळात नोटा वाटतात, आणि त्यांची नावंही कळत नाहीत.

सदाफुली

टेड हॉर्नने जे केलं ते वाचून डोळे भरून आले. 'ही तुमचीच पडली असेल' हे सुचायलाही मन किती मोठं लागतं.

जुनाजाणता

सर्वांचे प्रतिसाद वाचले. आमच्या लहानपणी संक्रांतीला आई तिळाच्या काही लाडवांत नाणे घालून वळत असे आणि ते लाडू दान देत असे. घेणाऱ्याला घरी जाऊन लाडू फोडल्यावरच कळायचे. तेव्हा आम्हा मुलांना ती गंमत वाटे. आज तिचा अर्थ वेगळा दिसतो. देवळाच्या दानपेटीत रात्री गुपचूप टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण देवाला लाजायचे कारण नसते. माणसाला असते. म्हणून ज्याचे घर आपल्याला ठाऊक आहे, त्याला न कळवता देणे अधिक कठीण आहे आणि अधिक मोलाचेही.

निरंजना

सगळे देणाऱ्याच्या चांगुलपणाबद्दल लिहीत आहेत, पण गुप्तता भीतीपोटीही असते. त्याबद्दल लिहायला हवं.

केरळ सरकारच्या ओणम बंपर लॉटरीचं २०२२ चं पहिलं बक्षीस होतं २५ कोटी. ते तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. सोडतीच्या आदल्या दिवशी मुलाच्या गल्ल्यातले पैसे काढून तिकीट घेतलं होतं. निकाल लागला, टीव्हीवाले घरी आले, चेहरा आणि पत्ता सगळ्या राज्याला कळला. आठवड्याच्या आत हा माणूस लोकांसमोर येऊन सांगत होता की बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं. पहाटेपासून दारात रांग. कुणाचं कर्ज, कुणाची शस्त्रक्रिया, कुणाचं लग्न. आजारी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं तरी घराबाहेर पडता येईना, नातेवाईकांकडे लपून राहायची वेळ आली. आणि तोवर हातात एक पैसाही आलेला नव्हता! २५ कोटींतले दहा टक्के एजंटचे, उरलेल्यावर तीस टक्के कर, म्हणजे उपकर-अधिभार धरला नाही तरी हाती येणार होते पावणेसोळा कोटी. पुढे केरळच्या लॉटरी खात्याने मोठ्या बक्षिसांच्या विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचं प्रशिक्षण सुरू केलं.

अमेरिकेत तर यासाठी एका बाईला कोर्टात जावं लागलं. जानेवारी २०१८ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये तिला पॉवरबॉल लॉटरीचे ५६ कोटी डॉलर लागले. तिकिटाच्या मागे तिने स्वतःचं नाव लिहून सही केली होती, आणि तिथल्या नियमाप्रमाणे ते नाव कुणीही मागितलं तर द्यावं लागणार होतं. आधी ट्रस्ट स्थापून ट्रस्टच्या नावाने सही केली असती तर प्रश्न आला नसता, हे तिला नंतर समजलं. सही खोडली तर तिकीट बाद. मार्चमध्ये न्यायाधीशांनी तिचं नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली, फक्त गावाचं नाव सांगता येईल असं म्हटलं. निकालाआधीच तिच्या वकिलांनी मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दीड लाख डॉलर आणि शनिवार-रविवारी उपाशी राहणाऱ्या शाळकरी मुलांना जेवण पुरवणाऱ्या संस्थेच्या तीन शाखांना प्रत्येकी ३३ हजार डॉलर दिले होते. नाव लपलेलं असल्यामुळेच तिला कुणाला द्यायचं हे शांतपणे ठरवता आलं. त्या रिक्षाचालकालाही द्यायचं होतंच, पण दारातली रांग माणसाला द्यायलाही मोकळं सोडत नाही.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या विजेत्याला प्रसिद्धी नाकारता येते. आपल्याकडेही नाव जाहीर करायचं की नाही हे विजेत्यावर सोडायला हवं, असं मला फार वाटतं.

सातारी

@निरंजना, नाव गुप्त ठेवायच्या हक्काबद्दल सहमत. मात्र सरकारी लॉटरीत नाव जाहीर करण्यामागे एक कारण आहे. बक्षीस खरोखरच कुणाला तरी लागलं, आतल्या माणसाने ढापलं नाही, हे लोकांना दिसावं लागतं. नाव झाकलं तर तपासणीची दुसरी भक्कम सोय हवी.

तोक्योवासी

जपानमधली दोन उदाहरणं देतो.

जुलै २००४ मध्ये फुकुई प्रांतात अतिवृष्टीने मोठा पूर आला. काही दिवसांनी प्रांताच्या कार्यालयात टपालाने एक पाकीट आलं. आत जम्बो लॉटरीचं तिकीट, पहिलं बक्षीस लागलेलं, २० कोटी येनचं. पूरग्रस्तांसाठी वापरा, एवढीच इच्छा. पाठवणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. विचार करा, बक्षिसाचे पैसे घेऊन मग त्यातले थोडे द्यायचे असंही नाही, तिकीटच टपालात टाकलं!

दुसरं २०१० च्या नाताळातलं. गुन्मा प्रांतातल्या माएबाशी शहरात बालकल्याण कार्यालयाच्या दाराशी कुणीतरी शाळेची नवीकोरी दहा दप्तरं ठेवून गेलं. इथली दप्तरं चामड्याची, महागडी असतात. पहिलीपासून सहावीपर्यंत एकच वापरतात, आणि ज्याच्या पाठीवर ते नसतं ते मूल लगेच उठून दिसतो. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं 'दाते नाओतो'. 'टायगर मास्क' या जुन्या चित्रकथेतला हा कुस्तीगीर अनाथाश्रमात वाढलेला असतो आणि कमाई तिथल्या मुलांवर खर्च करतो, म्हणून ते नाव. बातमी आली आणि काही आठवड्यांत सगळ्या ४७ प्रांतांत लोक याच नावाने दप्तरं, वह्या, पैसे ठेवायला लागले. एकाच टोपणनावाने हजारावर माणसं. मूळ माणूस २०१६ च्या डिसेंबरात पुढे आला. लहानपणी आई गेली, नातेवाइकांकडे वाढला, त्याला स्वतःला ते दप्तर कधी मिळालं नव्हतं.

हिशेबनीस

'आपल्याकडे करता येईल का' या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. व्यवसायाने सीए आहे. कायदा थोडा नीट समजून घ्या, कारण चांगल्या हेतूने दिलेल्या पैशाने घेणाराच अडचणीत येऊ शकतो.

लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट तीस टक्के आयकर आहे, वर उपकर आणि मोठ्या रकमेवर अधिभार. तो कापून उरलेलं तुमचं.

आता तुम्ही ते कुणा अनोळखी माणसाला दिलंत. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, लग्नात मिळालेल्यावरही नाही. पण बिगर-नातेवाइकांकडून वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त मिळालं तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. फक्त पन्नास हजारांवरची नव्हे, सगळी. त्यात रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त एकाच व्यक्तीकडून एका दिवसात घेणं कायद्याने मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तितक्याच रकमेचा. म्हणजे ब्लॅकहॉलसारखं बंडल इथे कुणाच्या वाटेवर ठेवलं तर तो बिचारा बँकेत भरायला गेल्यावर 'कुठून आले' याचं उत्तर देऊ शकणार नाही. सातारी यांनी म्हटलेली भीती खरी आहे.

संस्थांचंही ऐका. धर्मादाय संस्थेला निनावी देणगी ठरावीक मर्यादेपलीकडे आली तर त्यावर संस्थेला तीस टक्के कर पडतो. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. त्यामुळे देवळाच्या पेटीत निनावी टाकलेले पैसे पूर्ण पोचतात, शाळा-दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या पेटीतले कदाचित पोचणार नाहीत. काळा पैसा फिरवला जाऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो असावाच. पण त्याचा अर्थ असा की आपल्याकडे गुप्तता फक्त घेणाऱ्यापुरती ठेवायची. संस्थेला आणि सरकारला तुमचं नाव, पॅन कळू द्या.

कोकणकडा

मी थोडा वेगळा सूर लावतो. रस्त्यावर, बसथांब्यावर अनोळखी माणसाला नोट देणं हृद्य आहे, पण त्यातून कुणाला मिळणार हे नशिबावर. त्या दिवशी जो थांब्यावर नव्हता त्याचं काय? गुप्तपणे द्यायचं तर चक फीनीसारखं द्यावं. विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री दुकानांचा हा सहसंस्थापक. १९८२ मध्ये बर्म्युडात संस्था काढली आणि दोन वर्षांत कंपनीतला आपला जवळजवळ सगळा हिस्सा तिच्या नावे केला. कुणालाही कळू दिलं नाही. १९८८ मध्ये फोर्ब्स मासिकाने त्याला अतिश्रीमंतांच्या यादीत घातलं तेव्हा ती संपत्ती त्याची उरलेलीही नव्हती. संस्था बर्म्युडात ठेवल्यामुळे अमेरिकेत देणगीवर मिळणारी करसवलतही त्याने सोडली. पैसे घेणाऱ्या विद्यापीठांना, रुग्णालयांना ते कुठून आले हे माहीत नसायचं, इमारतीवर नावाची पाटी लावायची नाही. १९९७ मध्ये हिस्सा विकताना कागदपत्रांमुळे हे उघड होणार असं दिसलं, तेव्हाच त्याने स्वतः सांगितलं. एकूण आठ अब्ज डॉलरवर रक्कम दिली, २०२० मध्ये पैसे संपले म्हणून संस्था बंद केली. स्वतः भाड्याच्या घरात राहायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये, ९२ व्या वर्षी गेला.

एवढ्या पैशाने संशोधन उभं राहतं, दवाखाने उभे राहतात. नोटा वाटून ते होत नाही.

मिसुरीकर

@कोकणकडा, फीनीबद्दल नितांत आदर आहे. पण गाडीत झोपलेल्या, भुकेल्या माणसाला त्या सकाळी विद्यापीठाच्या इमारतीचा उपयोग नव्हता. त्याला वीस डॉलर हवे होते आणि कुणी 'उद्या या' न म्हणायला हवं होतं. संस्था कितीही चांगली असो, तिथे अर्ज भरावा लागतो. दोन्ही हवं.

गवतीचहा

मिसुरीकरांशी सहमत. आणि ब्लॅकहॉलचे दोघे डोळे मिटून वाटत नव्हते. ते आधी माणूस पाहत होते. आपल्या गावातली, ओळखीची अडचण पाहून दिलेलं आणि मोठ्या संस्थेमार्फत दिलेलं, यांत मी तुलनाच करणार नाही.

अबोली_क

इथे बहुधा पहिल्यांदाच लिहिते आहे. दहावीला असताना माझी शाळेची आणि परीक्षेची फी कुणीतरी भरली होती. वडील आजारी होते, घरात पैसे नव्हते, आणि वर्गात सगळ्यांसमोर थकलेल्या फीची नावं वाचली जायची. एक दिवस माझं नाव वाचलं गेलं नाही. ऑफिसात विचारलं तर कारकून बाई म्हणाल्या, भरलीय, तू अभ्यास कर. कुणी भरली ते त्यांनी सांगितलं नाही, नंतरही नाही.

कोकणकडांना एवढंच सांगते, मला त्यानंतर गावातला प्रत्येक मोठा माणूस 'यानेच भरली असेल का' असा दिसायचा. दुकानदार, डॉक्टर, बाजारात भेटणारे सर, सगळेच. मी सगळ्यांशीच नीट वागायला लागले. नाव कळलं असतं तर मी त्या एकाच माणसाची ऋणी राहिले असते, आणि त्याच्यासमोर अवघडले असते.

सदाफुली

अबोली, लिहिलंत म्हणून बरं वाटलं. मला हेच करायचं आहे, आमच्या भागातल्या शाळेत. रक्कम मोठी नाही. @हिशेबनीस, मुलांना आणि पालकांना नाव न कळता फी कशी भरायची? पालकांवर कर वगैरे येईल का?

हिशेबनीस

@सदाफुली, शाळकरी मुलाची फी बहुतेक वेळा पन्नास हजारांच्या आतच असते, त्यामुळे कराची काळजी करू नका. पैसे पालकांच्या हाती देऊ नका, थेट शाळेच्या खात्यात भरा, चेकने किंवा ऑनलाइन. आधी मुख्याध्यापकांना एकट्याने भेटा आणि दोन गोष्टी पक्क्या करा. पावती विद्यार्थ्याच्या नावाने निघावी आणि पालकांना दिली जाणारी प्रत तीच असावी, तिच्यावर तुमचं नाव नको. शाळेच्या हिशेबात मात्र तुमचं नाव, पॅन असू द्या. कुणाची भरायची हे तुम्ही निवडू नका, वर्गशिक्षकांना विचारा. त्यांना माहीत असतं कोण डबा आणत नाही आणि कोण सहलीच्या दिवशी 'बरं नाही' म्हणून घरी राहतं. आणि वार्षिक स्नेहसंमेलनात आभार मानायचे नाहीत, हे शाळेला आधीच बजावून ठेवा. उत्साहाच्या भरात नेमकं तिथेच नाव घेतलं जातं.

सदाफुली

मनापासून आभार. जूनमध्ये शाळा उघडली की जाऊन भेटते.